अँडी अर्विन : साथीचा प्रश्न

आयर्लंडचे परंपरागत संगीत मुळात एकपदरी आहे. एकटा गायक अथवा एकटा वादक सुरावटीच्या सूक्ष्म वळणांतूनच तिचे सौंदर्य सिद्ध करतो. विसाव्या शतकात ही गीते वाद्यमेळासह रंगमंचावर येऊ लागली, तेव्हा साहजिकच प्रश्न उपस्थित झाला : सुरावटीचा स्वभाव न बिघडविता तिला साथ कशी द्यावयाची? अँडी अर्विन यांच्या कारकिर्दीचे मूल्यमापन या प्रश्नाच्या अनुषंगाने करणे युक्त ठरेल. मँडोलिन, बुझुकी, हार्मोनिका, हर्डी-गर्डी अशी अनेक वाद्ये ते वाजवितात म्हणून त्यांची प्रशंसा होते. परंतु वाद्यांची संख्या हा कलेचा निकष नव्हे.

१९४२ साली लंडन येथे जन्मलेल्या अर्विन यांची आई आयरिश व वडील स्कॉटिश. आरंभी त्यांनी अभिजात गिटारवादनाचे शिक्षण घेतले. पुढे अमेरिकन लोकगायक वुडी गथ्री यांचा प्रभाव त्यांच्यावर पडला. आयरिश परंपरा त्यांना वारशाने मिळाली नाही, ती त्यांनी निवडली. १९६६ मध्ये स्थापन झालेल्या ‘स्वीनीज मेन’ या वृंदात त्यांचे सहकारी जॉनी मॉयनिहन होते. ग्रीक बुझुकी आयरिश संगीतात आणण्याचे श्रेय मॉयनिहन यांच्याकडे जाते. त्यांनी रूढ केलेली तारांची जुळणी आपल्या परिभाषेत म–सा–प–सा अशी सांगता येईल. तीत गांधार नाही, हे महत्त्वाचे. गिटारवरील रूढ स्वरगुच्छ शुद्ध वा कोमल गांधार पुढे करून सुरावटीचा भाव आधीच ठरवून टाकतो. ही जुळणी तो निर्णय गायकाच्या गळ्यावर सोपविते.

१९७२ मध्ये उदयास आलेल्या ‘प्लँक्स्टी’त या तत्त्वाची परिणती दिसते. डोनल लनी यांची बुझुकी आणि अर्विन यांचे मँडोलिन केवळ ठेका धरीत नाहीत. गीतामागून परस्परांत गुंतणाऱ्या दोन स्वतंत्र सुरावटी चालवितात. साथ येथे सुरावटीची दासी राहत नाही आणि स्वामिनीही होत नाही.

१९६८ नंतरच्या बाल्कन प्रवासाने अर्विन यांना विषम मात्रांच्या लयींचा छंद लागला. परकीय अंश परंपरेत कितपत मुरतो, याची कसोटी येथेच लागते. १९७३ च्या पहिल्या ध्वनिमुद्रिकेतील ‘द ब्लॅकस्मिथ’ हे गीत संपताच बाल्कन वळणाचा वाद्यांश सुरू होतो. फसविल्या गेलेल्या नायिकेची अस्वस्थता शब्द संपल्यावरही त्या अडखळत्या लयीत चालू राहते. म्हणून तो अंश उपरा वाटत नाही. याउलट, डेव्ही स्पिलन यांच्यासह १९९२ मध्ये काढलेल्या ‘ईस्ट विंड’मध्ये बल्गेरियन व मॅसिडोनियन सुरावटी आयरिश पाइप्सवर उतरतात. कौशल्य निर्विवाद आहे. तथापि दोन परंपरा तेथे शेजारी नांदतात, एकजीव होत नाहीत.

बाहेरून आलेल्याने परंपरा भ्रष्ट केली, हा आक्षेप म्हणूनच सरसकट मान्य होण्याजोगा नाही. परंपरेत जन्मलेल्यास तिचे अनेक विशेष गृहीत वाटतात. निवडून आलेल्यास ते पारखून घ्यावे लागतात. अर्विन यांचे यश या पारखीत आहे, आणि जेथे पारखीपेक्षा कुतूहल बलवत्तर झाले तेथे त्यांची मर्यादाही दिसून येते.