मराठी ख्रिस्ती उपासनेतील संगीतनिवड : ना. वा. टिळकांच्या भजनांच्या संदर्भात

प्रस्तावना :
रेव्हरंड नारायण वामन टिळक (मृत्यू १९१९) यांचा विचार मराठी समीक्षेने प्रामुख्याने ‘फुलामुलांचे कवी’ म्हणून केला. त्यांची ख्रिस्ती भजने मात्र धर्मप्रचाराचे साहित्य म्हणून बाजूला राहिली. वस्तुतः मंडळीने उपासनेत काय गावे व कोणत्या चालीत गावे, या प्रश्नाला टिळकांनी दिलेले उत्तर वाङ्मयीन दृष्ट्याही महत्त्वाचे आहे.

विवेचन :
एकोणिसाव्या शतकात मिशनरी मंडळींनी इंग्रजी गीतांची मराठी भाषांतरे मूळ चालींवर बसविली. इंग्रजी गीताची चाल आघातावर उभी असते. मराठीत आणल्यावर तिचा ठोका पुष्कळदा विभक्तिप्रत्ययावर पडतो, शब्द मध्येच तुटतो आणि अर्थ गाणाऱ्याच्या हाती लागत नाही. अभंग व ओवी हे अक्षरसंख्येवर आधारलेले छंद असल्याने तेथे शब्द अखंड राहतो. फादर स्टीफन्स यांनी ‘क्रिस्तपुराणा’साठी (१६१६) ओवीच स्वीकारली होती. १८९५ साली ख्रिस्ती धर्म स्वीकारणाऱ्या टिळकांनी तुकोबांचा वारसा न सोडता अभंग व भजन हीच उपासनेची वाणी मानली. ‘उपासनासंगीत’ या संग्रहाद्वारे त्यांची रचना मंडळीपर्यंत पोहोचली.

तथापि देशी चाल म्हणजे योग्य चाल, असे समीकरण मांडणे घाईचे ठरेल. आलापयुक्त रागदारी भजनात एकच कुशल गायक गातो व मंडळी श्रोता बनते. उलट, पिढ्यान्‌पिढ्या मुखोद्गत झालेले विलायती चालीचे गीत संपूर्ण मंडळी एकमुखाने गाऊ शकते. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या १९६३ च्या उपासनाविषयक दस्तऐवजातही स्थानिक संगीतपरंपरेचा आदर आणि उपासकांचा सक्रिय सहभाग ही दोन्ही सूत्रे आढळतात. यांतील दुसरे सूत्र विसरल्यास पहिले केवळ अलंकार ठरते.

या दृष्टीने वऱ्हाडचे उदाहरण उद्बोधक आहे. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी (१९०९-१९६८) खंजिरीच्या साथीने सोपी, पुनरावृत्त ध्रुपदाची भजने लोकांत रुजविली आणि सामुदायिक प्रार्थनेस प्रतिष्ठा दिली. शेंदूरजनाघाटसारख्या गावात भजनी मंडळाच्या संस्कारात वाढलेल्या निरक्षर माणसालाही ध्रुपद उचलता येते. त्यासाठी पुस्तक लागत नाही. टिळकांच्या भजनांचे सामर्थ्यही येथेच आहे. त्यांतील ‘मी’ हा एकट्या कवीचा उद्गार असला, तरी ध्रुपदाच्या आवर्तनात तो ‘आम्ही’ होतो. जेथे टिळकांची रचना संस्कृतप्रचुर होते, तेथे मात्र हे रूपांतर अडते, ही त्यांची मर्यादाही नोंदविली पाहिजे.

निष्कर्ष :
उपासनेच्या गीताची कसोटी देशी-विदेशी या भेदात शोधता येत नाही. शब्द अखंड राहणे, अर्थ पोहोचणे आणि शेवटच्या रांगेतील माणसाला गाता येणे, या तीन निकषांवर ती ठरते. टिळकांची उत्तम भजने या तिन्ही निकषांना उतरतात. म्हणूनच त्यांचे मूल्यमापन छापील पानाबरोबरच गाणाऱ्या मंडळीच्या संदर्भातही होणे आवश्यक आहे.