घसारा आणि झिलई

जुन्या मोटारींवर लिहिणारे बहुतेक सगळे भाट. टीकाकाराची जागा रिकामी दिसली, म्हणून हा माझा अर्ज.

परीक्षणाला घेतली आहे इंदूरच्या यशवंतराव होळकर महाराजांची १९३५ सालची ड्यूसेनबर्ग. सांगाडा आणि इंजिन अमेरिकेचे, वरचा अंगरखा लंडनच्या गर्नी नटिंगने बेतलेला. आठ सिलिंडर, ३२० अश्वशक्ती. पुढच्या आणि मागच्या चाकांत अंतर पावणेतेरा फूट, आणि बसायचे किती जणांनी? दोघांनी! रत्नागिरीहून गणपतीपुळ्याला निघालेल्या वडापवाल्याने एवढ्या जागेत अख्खे वऱ्हाड बसवले असते, वर ‘अजून दोघं सरका’ म्हणाला असता. गाडीला एक लाल आणि एक निळा दिवा. आत महाराज आहेत की महाराणी, हे लोकांना लांबून कळावे म्हणून, असे सांगतात. म्हणजे मुजरा चुकायला नको!

पुढे ही गाडी अमेरिकेला गेली आणि तिथे पुन्हा नटली. आम्हा कॉमर्सवाल्यांना शिकवले होते की मोटारीवर दरसाल घसारा धरायचा. इथे कारागिरांनी घसाराच घासून टाकला आणि किंमत मात्र चढत गेली! कारागिरीला माझे पैकीच्या पैकी गुण. तक्रार झिलईबद्दल नाहीच, बेकारीबद्दल आहे. अशा गाड्यांच्या नशिबी पुढे बहुधा दोरी लावलेली हिरवळ येते. ३२० घोडे दावणीला, आणि आपण फडक्याने त्यांची पाठ पुसायची. ह्याला जीर्णोद्धार म्हणायचे की पेन्शन?

हे त्या लोकांनाही उमगले असावे. कॅलिफोर्नियात पेबल बीचला, समुद्राकाठीच, १९५० पासून अशा मोटारींची स्पर्धा भरते. तिथे दोन गाड्यांचे गुण सारखे झाले, तर आधीची रस्त्यावरची फेरी पुरी करून आलेल्या गाडीला झुकते माप मिळते. हा नियम मला फार आवडला. आमच्या कोल्हापूरच्या महाराजांची जर्मन मेबॅकही दसऱ्याला चौकात येते. वर्षातून एकदा का होईना, सीमोल्लंघन करते.

पुळ्याला डोंगरच गणपती मानतात, म्हणून प्रदक्षिणा घालायची ती सगळ्या डोंगराला, चांगली किलोमीटरभर पायपीट करून. देवाने जागचे हलू नये हे बरोबरच, तो डोंगर आहे. पण चार चाके असलेल्याने एका जागी बसून लोकांकडून प्रदक्षिणा घालून घ्याव्यात, हे काही मला पटत नाही.