लेखक आले, पुस्तक कुठे राहिले?

१५ ऑक्टोबरचा वाचन प्रेरणा दिन आणि २७ फेब्रुवारीचा मराठी भाषा गौरव दिन जवळ आला की महाराष्ट्रातल्या शाळांमधून मुलांसाठी लिहिणाऱ्यांना फोन जाऊ लागतात. ‘लेखक तुमच्या भेटीला’ असा फलक रंगतो, सभागृहात सतरंज्या पडतात, पाचवी ते नववीची मुले रांगेने येऊन बसतात. दीपप्रज्वलन, स्वागतगीत, पाहुण्यांचा परिचय, शाल-श्रीफळ, मुख्याध्यापकांचे मनोगत. मग लेखक बोलतो. आपण कसे घडलो, वाचनाने माणूस कसा मोठा होतो, मोबाइलने मुलांचे काय नुकसान केले. शेवटची दहा मिनिटे मुलांच्या प्रश्नांना उरतात आणि ते प्रश्नही पुष्कळदा आदल्या दिवशी बाईंनी चिठ्ठीवर लिहून दिलेले असतात. तासाभराच्या या कार्यक्रमात लेखकाच्या एखाद्या पुस्तकातले एक पानसुद्धा मोठ्याने वाचले जात नाही, असे अनेक ठिकाणी घडते.

आयोजकांच्या हेतूबद्दल शंका घेण्याचे कारण नाही. लेखकाला बोलवावेसे वाटणारी शाळा ही चांगलीच शाळा. पण मराठीत मुलांसाठी आज जे लिहिले जात आहे ते मुलांपर्यंत पोहोचत नसेल, तर त्याच्या कारणांमध्ये या तासाभराचाही वाटा आहे.

कारण पुस्तकांचा दुष्काळ आहे, हे म्हणणे आता खरे नाही. साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार २०१० पासून दिला जातो. मराठीतल्या मानकऱ्यांची यादी नुसती वाचली तरी केवढे वैविध्य दिसते! ल. म. कडू यांच्या ‘खारीच्या वाटा’मध्ये धरणाखाली जाणाऱ्या गावातले बालपण आहे. सलीम मुल्ला वन विभागात नोकरी करणारे. त्यांची ‘जंगल खजिन्याचा शोध’ ही कादंबरी पायाखाली जंगल तुडवलेल्या माणसाने लिहिलेली आहे. २०२० मध्ये आबा महाजन यांची ‘आबाची गोष्ट’, २०२२ मध्ये संगीता बर्वे यांची ‘पियूची वही’, २०२३ मध्ये एकनाथ आव्हाड यांचे ‘छंद देई आनंद’, २०२४ मध्ये भारत सासणे यांची ‘समशेर आणि भूतबंगला’, २०२५ मध्ये सुरेश सावंत यांचा ‘आभाळमाया’ हा कवितासंग्रह. एखाद्या मोठ्या शहरातल्या सातवीच्या वर्गात ही नावे घेतली तर किती हात वर होतील? फार होणार नाहीत, असे मुलांमध्ये काम करणारा कुणीही सांगेल. त्याच वर्गाला फास्टर फेणे ठाऊक असतो, निदान २०१७ च्या चित्रपटामुळे. ‘श्यामची आई’ ठाऊक असते. घरी नव्याने पुस्तक येते तेव्हा ते बहुधा आईबाबांच्या लहानपणातले असते. ती पुस्तके वाईट नाहीत. पण आजच्या मुलासाठी आज लिहिणाऱ्याला वाचक मिळण्याची वाट त्यातून तयार होत नाही.

मोठ्यांसाठीच्या पुस्तकाला परीक्षणे असतात, पुरवण्यांमधली सदरे असतात, मित्रांच्या शिफारशी असतात. मुलांच्या पुस्तकाला यातले फार थोडे मिळते. मिळाले तरी ते पालकांनी वाचावे असे लिहिलेले असते. दुकानात जावे तर मुलांचा कप्पा पंचतंत्र, अकबर-बिरबल आणि थोरांच्या चरित्रांनी भरलेला. अशा वेळी लेखक स्वतः मुलांसमोर येऊन पुस्तकाबद्दल बोलतो, ही नव्या पुस्तकाची मुलाशी ओळख करून देणारी सर्वांत थेट जागा आहे. म्हणूनच ती वाया जाते तेव्हा वाईट वाटते.

मुलांसमोर येऊन त्यांच्याशी बोलणे मराठीला नवे नाही. ‘श्यामची आई’ची रचनाच मुळी सांगणाऱ्याची आणि ऐकणाऱ्यांची आहे. रोज रात्री श्याम बोलतो आणि आश्रमातले मित्र ऐकतात. साने गुरुजींच्या मागे १९५१ मध्ये प्रकाशभाई मोहाडीकरांनी साने गुरुजी कथामाला सुरू केली आणि गोष्ट सांगणारा माणूस गावोगावच्या मुलांपुढे उभा राहिला. दिलीप प्रभावळकरांचा बोक्या सातबंडे आधी आकाशवाणीवरून मुलांच्या कानी पडला आणि मग पुस्तकांत आला. विंदा करंदीकर, वसंत बापट आणि मंगेश पाडगावकर यांनी महाराष्ट्रभर काव्यवाचने केली, आणि या तिघांनीही मुलांसाठी कविता लिहिल्या. कविता आधी कानाने मिळवायची, पुस्तक नंतर धुंडाळायचे, ही सवय त्या पिढीतल्या अनेक घरांना होती.

भा. रा. भागवतांनी तर याच्याही पुढची युक्ती केली. त्यांचा फास्टर फेणे, म्हणजे फुरसुंगीचा बनेश फेणे, आपली साहसे ज्यांच्या कानावर घालतो ते लेखक महाशय स्वतः गोष्टीत वावरतात. मुलाचे ऐकून घेणारा, त्याच्यावर विश्वास ठेवणारा आणि त्याची उत्सुकता स्वतःला लावून घेणारा लेखक मुलांना पुस्तकातच भेटला. उपदेश करणारा पाहुणा आणि हा लेखक यांत फार मोठे अंतर आहे. फास्टर फेणेवरच्या चित्रपटात भागवतांची भूमिका प्रभावळकरांनी केली, म्हणजे बोक्याचा बाप फेणेच्या बापाच्या रूपात पडद्यावर आला, ही मराठी बालसाहित्याच्या चाहत्यांना सुखावणारी गोष्ट होती.

मग आजच्या संवादात नेमके काय बिघडते? पहिली अडचण आदराची आहे. मराठी प्रकट मुलाखतीचा साचा जीवनगौरवाचा आहे: बालपण, संघर्ष, पहिले पुस्तक, पुरस्कार, नव्या पिढीला संदेश. साठी उलटलेल्या कादंबरीकाराला हा साचा शोभतो आणि त्यातून कधी कधी उत्तम काही हाती लागते. बारा वर्षांच्या श्रोत्याला मात्र लेखकाच्या संघर्षाशी काही देणे-घेणे नसते. त्याला भूतबंगल्यात पुढे काय झाले ते हवे असते. खजिना खरोखर असतो का, आणि शेवट आधी ठरला होता की लिहिता लिहिता सुचला, हे हवे असते. सलीम मुल्लांसारख्या लेखकाला मुलांनी विचारायला हवे की ओल्या मातीतल्या ठशावरून जनावर किती वेळापूर्वी गेले ते कळते का, आणि रात्री जंगलात सर्वांत आधी कसला आवाज येतो. अशा प्रश्नांची उत्तरे ऐकून मूल थेट कादंबरीकडे वळते. ‘वाचन का करावे’ या प्रश्नाच्या उत्तराने आजवर कोणते मूल पुस्तकाकडे गेले असेल, याची शंका आहे.

दुसरी अडचण श्रोत्यांची. बालसाहित्याच्या परिसंवादात मुले पुढच्या रांगेत बसतात आणि चर्चा मात्र त्यांच्या डोक्यावरून मागच्या रांगेतल्या पालकांशी होते. विषय ठरलेले: संस्कार, भाषा, इंग्रजी माध्यम, स्क्रीन. अखिल भारतीय साहित्य संमेलनांना जोडून बालमेळावे होतात. ते मुलांच्या सादरीकरणाचे सोहळे असतात, आणि कविता पाठ म्हणणाऱ्या मुलाला टाळी मिळावी हे योग्यच. पण मूल तिथे वाचक म्हणून क्वचितच बोलते. आपल्याला न आवडलेल्या पुस्तकाबद्दल एखाद्या मुलीने लेखकासमोर उभे राहून सांगावे, हा प्रसंग या व्यासपीठांवर अजून दुर्मीळ आहे. तो यायला हवा. नावड सांगण्याची मुभा असेल तरच आवडीला किंमत येते.

तिसरी अडचण चित्रांची आहे आणि तिच्याकडे सर्वांत कमी लक्ष गेले आहे. गेल्या काही दशकांत मराठीत मुलांच्या पुस्तकात झालेला मोठा बदल चित्रांतून झाला. माधुरी पुरंदरे हे त्याचे सर्वांत ठळक नाव. त्यांनी ‘राधाचं घर’मध्ये घरातल्या माणसांना, त्यांच्या सवयींना, भांड्याकुंड्यांना पुस्तकात आणले; ‘चित्रवाचन’मध्ये शब्दांची कुबडी काढून घेतली आणि चित्रासमोर मुलाला बोलते केले. २०१४ मध्ये अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार आणि २०१६ मध्ये ‘बिग लिटल बुक अवॉर्ड’ त्यांना मिळाला. चित्रकला शिकलेली, गाणारी, फ्रेंचमधून अनुवाद करणारी ही बाई लिहितेही आणि रंगवतेही. अशा पुस्तकाबद्दल बोलायचे तर पाने पडद्यावर दिसायला हवीत, मुलांना बोट ठेवून दाखवता यायला हवे. खुर्चीवर बसून माइकसमोर केलेली चर्चा त्या पुस्तकाला स्पर्शही करू शकत नाही. आणि लेखक वेगळा, चित्रकार वेगळा असेल तेव्हा चित्रकाराला बोलावण्याचे तर कुणाच्या मनातही येत नाही. पाच वर्षांच्या मुलाने पुस्तक हातात घेतले ते ज्याच्यामुळे, तोच गैरहजर!

याउलट जिथे पुस्तकाला मध्यभागी ठेवले जाते तिथे काय घडते, याचे उदाहरण पालघर जिल्ह्यात आहे. नीलेश निमकर यांनी उभी केलेली ‘क्वेस्ट’ ही संस्था ‘गोष्टरंग’ नावाचा उपक्रम चालवते. त्यात तरुण नट मुलांच्या पुस्तकांतल्या गोष्टी आश्रमशाळा आणि जिल्हा परिषदेच्या शाळांमध्ये सादर करतात. इथे लेखक उपस्थित नसतो, पण त्याचा शब्द असतो, आणि नाटक संपल्यावरही ती गोष्ट पुस्तकात मुलांची वाट पाहत असते. घरात पुस्तक नसलेल्या मुलाला पुस्तक भेटण्याचा हा मार्ग शहरातल्या अनेक प्रकट मुलाखतींपेक्षा अधिक खरा आहे. लेखक-भेटीच्या आयोजकांनी त्यातून एवढे जरी घेतले की बोलण्याआधी दहा मिनिटे पुस्तक ऐकवायचे, तरी पुढचे प्रश्न आपोआप बदलतील.

करोनाच्या टाळेबंदीच्या काळात काही वेगळे दिसले. सभागृहे बंद झाली आणि लेखक आपापल्या खोलीतून मुलांशी बोलू लागले. १९७१ पासून निघणाऱ्या बालभारतीच्या ‘किशोर’ मासिकाने ‘किशोर गोष्टी’ हा ऑनलाइन उपक्रम चालवला, त्यात लेखकांनी मुलांना गोष्टी सांगितल्या. शाल नाही, परिचय नाही, समोर मुख्याध्यापक नाहीत. गोष्ट थेट सुरू. तालुक्याच्या गावातल्या मुलाला मुंबई-पुण्यातला लेखक आणि शहरातल्या मुलाला खेड्यातला लेखक तेव्हा सारख्याच अंतरावर आला. सभागृहे उघडल्यावर ही सवय बऱ्याच ठिकाणी मागे पडली. ती टिकायला हवी होती, विशेषतः परदेशातल्या मराठी शाळांसाठी. उत्तर अमेरिकेत महाराष्ट्र मंडळांच्या शाळांत शनिवार-रविवारी मराठी शिकणाऱ्या मुलांना पाठ्यपुस्तकाबाहेरचा जिवंत मराठी लेखक याच वाटेने भेटू शकतो.

पाठ्यपुस्तकाचा विषय निघालाच आहे, तर तेही सांगायला हवे. महाराष्ट्रातल्या बहुसंख्य मुलांना लेखक पहिल्यांदा भेटतो तो धड्याच्या सुरुवातीच्या परिचयाच्या चौकटीत: जन्मसाल, असल्यास मृत्यूचे साल, पुस्तकांची नावे. लेखक म्हणजे होऊन गेलेला माणूस, अशी समजूत त्यातून होते. आजच्या पाठ्यपुस्तकांवर क्यूआर कोड असतात. हयात लेखकांच्या धड्यापाशी त्याच कोडमागे पाच मिनिटांचा संवाद ठेवला, लेखकाने तो धडा ज्या पुस्तकातून घेतला त्याचे पुढचे पान वाचून दाखवले, तर राज्यातल्या कोणत्याही समारंभाहून अधिक मुले त्या पुस्तकापर्यंत पोहोचतील.

कुमारवयाबद्दल मात्र चिंता वाटते. तेरा ते सोळा या वयासाठी मराठीत लेखन तुरळक आहे, आणि त्याबद्दलचे बोलणे त्याहून तुरळक. पुण्याहून निघणारे ‘छात्र प्रबोधन’, किशोरवयीनांसाठीचे ‘वयम्’, दर दिवाळीला लाखांच्या घरात जाणारा ‘साधना’चा बालकुमार अंक ही मोलाची ठिकाणे आहेत. पण या वयाची मुले मराठीत जे मनापासून वाचतात ते पुष्कळदा मोठ्यांच्या कप्प्यातून घेतलेले असते: प्रकाश नारायण संतांचा लंपन, मिलिंद बोकीलांची ‘शाळा’. नववीतल्या मुलाच्या मनातली ओढ आणि आणीबाणीचे दिवस एकत्र मांडणाऱ्या ‘शाळा’वर एखाद्या शाळेनेच मुलांबरोबर मोकळी चर्चा ठेवल्याचे फारसे ऐकू येत नाही. प्रेम, शरीर, जात, घरातली भांडणे, परीक्षेची धास्ती हे विषय आले की आयोजक अवघडतात. लेखकाला आधीच सांगितले जाते, जरा हलकेफुलके बोला. पंधरा वर्षांच्या मुलीला तो टाळलेला विषय लगेच ओळखू येतो. मग ती इंग्रजीतल्या कादंबऱ्यांकडे वळते, कारण तिथे तिच्या वयाबद्दल कुणी खाकरत नाही. मराठीत या वयासाठी धीटपणे लिहिणाऱ्याला आधी धीटपणे बोलू देणारे व्यासपीठ हवे आहे. ते नसेल तर तो लिहील कुणासाठी?

राज्यात अकरा-बारा हजार सार्वजनिक ग्रंथालये आहेत. त्यातल्या अनेकांत बालविभागाचे कपाट आहे. साताऱ्यातल्या भिलारला २०१७ पासून पुस्तकांचे गाव आहे. फर्ग्युसन महाविद्यालयाच्या मैदानावर २०२३ पासून पुणे पुस्तक महोत्सव भरतो आणि तिथे मुलांची गर्दी असते. जागेची वाण नाही. वाण आहे ती साध्या तयारीची: भेटीच्या आधी पंधरा दिवस ते पुस्तक वर्गात फिरलेले असणे, प्रश्न मुलांनीच लिहिलेले असणे, मुलाखत घ्यायला पुस्तक खरोखर वाचलेली आठवीतली एखादी मुलगी बसलेली असणे, आणि कार्यक्रम संपल्यावर पुस्तक दाराशीच मिळणे. यातल्या शेवटच्या गोष्टीला पैसे लागतात. लेखकाने मुलांसाठी फुकटच यावे असे गृहीत धरले जाते, प्रकाशकाने पुस्तके भेट द्यावीत असेही. स्नेहसंमेलनाच्या मांडवाला, ध्वनिक्षेपकाला आणि हारतुऱ्यांना शाळेच्या वार्षिक खर्चात जागा असते. लेखकाचे मानधन आणि त्याच्या पुस्तकाच्या वीस प्रती यांची नोंद त्या खर्चपत्रकात अजून बहुतेक ठिकाणी सापडत नाही.