खलत्वाचे सौजन्य : 'ले लेव्र रूज'

युरोपीय व्हँपायरपटांतील खलत्वाचे स्वरूप काळानुसार पालटत गेलेले दिसते. मुर्नाउच्या 'नोस्फेरातू'त (१९२२) ते विद्रूप आहे. उंदरांच्या संगतीने येणाऱ्या रोगराईप्रमाणे ते नगरात शिरते. टेरेन्स फिशरच्या 'ड्रॅक्युला'त (१९५८) क्रिस्टोफर ली त्याला उमदे शरीर व सरदारी ऐट देतो. तेथे मोहिनी आहे, तथापि तिच्या पाठीशी बळ उभे आहे. हॅरी क्यूमेल या बेल्जियन दिग्दर्शकाच्या 'ले लेव्र रूज'मध्ये (१९७१) खलनायिकेचे प्रमुख साधन सौजन्य हे आहे.

हंगाम सरल्यामुळे ओस पडलेल्या ऑस्टेंडच्या एका हॉटेलात स्टेफान व व्हॅलरी हे नवविवाहित दांपत्य उतरले आहे. तेथे काउंटेस बाथोरी आपली सेक्रेटरी इलोना हिच्यासह येते. चाळीस वर्षांपूर्वी पाहिलेली ही स्त्री यत्किंचितही वृद्ध झालेली नाही, हे हॉटेलच्या जुन्या कर्मचाऱ्याच्या ध्यानी येते. देल्फिन सेरिग हिने ही भूमिका मंद स्मित व मृदू स्वर यांवर तोलून धरली आहे. काउंटेस आस्थेने विचारपूस करते आणि दार आतून उघडले जाण्याची वाट पाहते.

ते दार उघडतो स्टेफानच. इतिहासातील बाथोरीवर आरोपिलेल्या छळांचे वर्णन सुरू होताच तो त्यात रंगून जातो; व्हॅलरी भयभीत होते. पुढे तो पत्नीला पट्ट्याने मारतो. क्रौर्य विवाहात आधीच वसत होते. काउंटेसने ते उजेडात आणले, इतकेच. म्हणूनच तिचे सांत्वन व्हॅलरीला खरे वाटते. सत्य दाखवून वश करणे, हे या खलत्वाचे मर्म होय.

यावरून या चित्रपटाला स्त्रीमुक्तीची कथा मानण्याचा मोह होतो. हे मत अंशतःच ग्राह्य ठरते. स्टेफानचा अंत होतो, काउंटेसही मोटार-अपघातात नष्ट होते. परंतु अखेरीस व्हॅलरी दिसते ती दुसऱ्या एका तरुण जोडप्याच्या सहवासात, काउंटेसच्याच आवाजात बोलताना. पतीच्या जाचातून ती सुटली खरी, पण त्यासाठी तिला स्वतःचा आवाज द्यावा लागला. 'नोस्फेरातू'त एलेनच्या आत्मबलिदानाने संकट टळते. येथे ते बळीच्याच रूपाने पुढे चालू राहते. प्रेक्षकाला काउंटेसची भीती वाटण्यापूर्वी तिच्याविषयी सहानुभूती वाटते, आणि तिच्या मोहिनीची खरी कसोटी हीच आहे.