हेल्मेट आणि मेंदूचा हादरा : अमेरिकन फुटबॉलमधील एका तांत्रिक उपायाची चिकित्सा

प्रास्ताविक

अमेरिकेत ‘फुटबॉल’ या नावाने ओळखला जाणारा खेळ आपल्याकडील फुटबॉलहून सर्वस्वी भिन्न आहे. लंबगोल चेंडू हातात घेऊन प्रतिपक्षाची फळी भेदत पुढे सरकणे आणि चेंडू घेतलेल्या खेळाडूवर झेपावून त्याला खाली पाडणे, हे या खेळाचे मूळ स्वरूप होय. अंगावर आदळणे हा येथे अपघात नसून खेळाचा अंगभूत भाग आहे. साहजिकच डोक्याला बसणारा धक्का आणि त्यातून उद्भवणारे ‘कन्कशन’, म्हणजे हादऱ्यामुळे मेंदूच्या कार्यात येणारा तात्पुरता बिघाड, हा या खेळापुढील जुना प्रश्न आहे. गेल्या दोन दशकांत हेल्मेट-उत्पादक, विद्यापीठीय प्रयोगशाळा आणि व्यावसायिक संघांची संघटना असलेली नॅशनल फुटबॉल लीग (एनएफएल) यांनी या प्रश्नाचे उत्तर मोठ्या प्रमाणावर सुधारित हेल्मेटमध्ये शोधले. या उत्तराची चिकित्सा करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. हेल्मेट निरुपयोगी आहे, असे प्रतिपादन येथे नाही. ज्या प्रश्नाचे उत्तर म्हणून ते घडले, त्याहून वेगळ्या प्रश्नाचे उत्तर म्हणून ते पुढे केले जाते, हा येथील मुख्य मुद्दा आहे.

हेल्मेट कशासाठी घडले?

१९०५ च्या हंगामातील खेळाडूंच्या मृत्यूंमुळे हा खेळ बंद करावा, अशी मागणी होऊ लागली. तेव्हा राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी हार्वर्ड, येल व प्रिन्स्टन या विद्यापीठांच्या प्रतिनिधींना व्हाइट हाऊसमध्ये चर्चेस बोलावले. १९०६ मध्ये चेंडू पुढे फेकण्याची मुभा देण्यात आली आणि घोळक्याने एकमेकांवर तुटून पडण्याची पद्धत सैल होऊ लागली. या खेळाने केलेली पहिली मोठी सुरक्षा-सुधारणा ही साधनाची नव्हे, तर नियमाची होती, हे लक्षणीय आहे.

चामड्याच्या टोपीची जागा पुढे प्लॅस्टिकच्या कवचाने घेतली. रिडेल कंपनीचे प्लॅस्टिकचे हेल्मेट १९३९ मध्ये आले आणि १९४३ मध्ये एनएफएलने हेल्मेट सक्तीचे केले. तरीही १९६८ या एका वर्षात खेळातील प्रत्यक्ष दुखापतींनी ३६ खेळाडू दगावले. त्यानंतर १९६९ मध्ये क्रीडासाधनांची मानके ठरवणारी ‘नॉक्सी’ ही समिती स्थापन झाली व १९७३ मध्ये हेल्मेटचे मानक तयार झाले. कृत्रिम डोक्यावर हेल्मेट चढवून ते ठरावीक उंचीवरून खाली सोडायचे आणि सरळ रेषेतील धक्क्याची तीव्रता मोजायची, असे या चाचणीचे स्वरूप होते. कवटी फुटू नये आणि मेंदूभोवती जीवघेणा रक्तस्राव होऊ नये, हा तिचा उद्देश होता. तो बऱ्याच अंशी सफल झाला, हे हेल्मेटचे निर्विवाद श्रेय आहे.

मात्र या यशाला दुसरी बाजूही होती. कवच कठीण झाले आणि चेहऱ्यापुढे जाळी आली, तेव्हा डोके हेच प्रहाराचे साधन बनले. डोके खाली घालून माथ्याने धडक देण्याची रीत रूढ झाली आणि तिचा भार मानेवर आला. १९७६ मध्ये मानेच्या दुखापतीमुळे हातपाय कायमचे निकामी होण्याच्या ३४ घटना घडल्या. त्याच वर्षी शालेय व महाविद्यालयीन खेळात अशा धडकेवर बंदी आली. १९८४ पर्यंत ही संख्या ५ वर उतरली. ही घट नव्या हेल्मेटमुळे झाली नाही. ती नियमामुळे झाली.

कवटी आणि मेंदू

कवटीचे रक्षण आणि मेंदूचे रक्षण या दोन गोष्टी एक नव्हेत. ऑक्सफर्ड येथील भौतिकशास्त्रज्ञ ए. एच. एस. होलबोर्न यांनी १९४३ मध्येच जिलेटिनच्या प्रतिकृतींच्या आधारे असे मांडले होते की, मेंदूची इजा प्रामुख्याने डोक्याला एकाएकी मिळणाऱ्या घूर्णनातून, म्हणजे गर्रकन वळण्यातून होते. अशा वेळी मेंदूतील मृदू ऊती ताणल्या व पिळल्या जातात. ढोबळ उपमा द्यावयाची तर, नारळाची करवंटी शाबूत राहिली तरी आतले पाणी डचमळतेच. हेल्मेट करवंटीच्या बाहेर असते. आतील हालचालीवर त्याचे नियंत्रण अप्रत्यक्ष आणि मर्यादित राहणे क्रमप्राप्त आहे. अलीकडील चाचण्यांत घूर्णनाचाही विचार होतो आणि त्यानुसार अस्तरांची रचना बदलली आहे. ही प्रगती खरी असली तरी मूळ मर्यादा त्यामुळे संपत नाही.

दावे आणि पुरावे

२००२ मध्ये रिडेलने ‘रेव्होल्यूशन’ हे हेल्मेट बाजारात आणले. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, हे हेल्मेट वापरणाऱ्या शालेय खेळाडूंपैकी ५.३ टक्के, तर जुनी हेल्मेटे वापरणाऱ्यांपैकी ७.६ टक्के खेळाडूंना कन्कशन झाल्याचे आढळले. जाहिरातीत याचे रूपांतर ‘३१ टक्के घट’ असे झाले. प्रत्यक्ष अंतर सुमारे अडीच टक्क्यांचेही नव्हते. सापेक्ष प्रमाण सांगितले आणि मूळ आकडे मागे ठेवले की लहान फरकही मोठा भासतो. शिवाय या अभ्यासास कंपनीचे अर्थसाहाय्य होते, कंपनीचा कर्मचारी सहलेखक होता आणि नव्या हेल्मेटांची तुलना डागडुजी केलेल्या जुन्या हेल्मेटांशी केलेली होती. हा अभ्यास संबंधित दावा सिद्ध करत नाही, असे अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २०१३ मध्ये स्पष्ट केले.

२०११ पासून व्हर्जिनिया टेक विद्यापीठाने हेल्मेटांना तारांकित श्रेणी देण्यास प्रारंभ केला. ग्राहकाला स्वतंत्र माहिती मिळू लागली, ही या उपक्रमाची जमेची बाजू होय. परंतु प्रयोगशाळेतील श्रेणी आणि मैदानावरील परिणाम यांच्यात अंतर राहिले. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, महाविद्यालयीन खेळाडूंच्या एका अभ्यासात ‘रेव्होल्यूशन’ वापरणाऱ्यांना त्याच कंपनीच्या जुन्या हेल्मेटच्या तुलनेत कन्कशनचा धोका सुमारे ५४ टक्क्यांनी कमी आढळला. त्याच वर्षी विस्कॉन्सिनमधील दोन हजारांहून अधिक शालेय खेळाडूंच्या पाहणीत मात्र हेल्मेटची कंपनी किंवा त्याचे वय यांनुसार कन्कशनच्या प्रमाणात फरक दिसला नाही. या दोन निष्कर्षांतून एवढेच म्हणता येते की, अतिशय जुन्या रचनेपेक्षा नवी रचना सरस असू शकते. परंतु मानक पूर्ण करणाऱ्या दोन चांगल्या हेल्मेटांपैकी महागडे निवडल्याने मुलाचा मेंदू अधिक सुरक्षित राहतो, असे त्यातून सिद्ध होत नाही.

हेल्मेटवर चढवावयाच्या ‘गार्डियन कॅप’ या मऊ आवरणाबाबतही असेच घडले. २०२२ मध्ये एनएफएलने काही जागांवरील खेळाडूंना ते सरावात सक्तीचे केले आणि त्या गटात कन्कशन निम्म्याहून कमी झाल्याचे जाहीर केले. विस्कॉन्सिनमधील शालेय खेळाडूंच्या अलीकडील अभ्यासात मात्र सरावात हे आवरण घालणारे व न घालणारे यांच्यात फरक आढळला नाही. एनएफएलमधील कन्कशनची नोंद २०१५ मध्ये २७५ होती, ती २०२४ मध्ये १८२ झाली. ही घट स्वागतार्ह आहे. तथापि याच काळात सरावाच्या पद्धती आणि डोक्याने धडक देण्याविषयीचे नियम बदलले, २०२४ मध्ये तर सामन्याच्या प्रारंभीच्या ‘किकऑफ’ची पद्धतही बदलली. त्यामुळे या घटीचे श्रेय एकट्या हेल्मेटला देता येत नाही.

याउलट नियमाच्या परिणामाचे एक उदाहरण ठळक आहे. आयव्ही लीग या आठ विद्यापीठांच्या स्पर्धेत २०१५ मध्ये किकऑफ हे एकूण खेळींच्या ६ टक्के होते, पण कन्कशनपैकी २१ टक्के घटना त्यातच घडल्या. २०१६ मध्ये किकऑफची रेषा ३५ वरून ४० यार्डांवर नेण्यात आली. चेंडू अधिक दूर जाऊ लागला आणि भरधाव वेगाने समोरासमोर आदळण्याचे प्रसंग घटले. दर हजार किकऑफमागे कन्कशनचे प्रमाण १०.९३ वरून २.०४ वर आले. पाच यार्डांच्या या बदलासाठी कोणतेही साधन विकत घ्यावे लागले नाही.

मोजायचे काय?

या चर्चेत आणखी एक गृहीतक दडलेले आहे. कन्कशनची संख्या कमी झाली म्हणजे मेंदूची हानी कमी झाली, असे मानले जाते. २०१७ मध्ये बोस्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी मृत्यूनंतर दान केलेल्या मेंदूंची तपासणी प्रसिद्ध केली. एनएफएलमधील १११ माजी खेळाडूंपैकी ११० जणांत ‘क्रॉनिक ट्रॉमॅटिक एन्सेफॅलोपॅथी’ (सीटीई) हा मेंदूच्या ऱ्हासाचा विकार आढळला. लक्षणे दिसल्यानेच अनेक कुटुंबांनी मेंदूदान केलेले असल्याने हे प्रमाण सर्व खेळाडूंना लागू करता येत नाही. तथापि २०२३ मधील ६३१ मेंदूंच्या अभ्यासातून निघालेला निष्कर्ष अधिक मूलगामी आहे. सीटीईचा संबंध निदान झालेल्या कन्कशनच्या संख्येशी नव्हे, तर कारकिर्दीत डोक्याने सोसलेल्या एकूण आघातांच्या बेरजेशी दिसून आला.

यातून हेल्मेटच्या बाजूनेही एक युक्तिवाद संभवतो. प्रत्येक धक्क्याचे बळ थोडे घटले, तर आयुष्यभराच्या बेरजेत फरक पडू शकेल. हा युक्तिवाद फेटाळण्याचे कारण नाही. परंतु हेल्मेटमुळे वाटणाऱ्या निर्धास्तपणातून धक्क्यांची संख्या वा वेग वाढला, तर ही बचत खर्ची पडते. १९७६ पूर्वीचा अनुभव याचीच साक्ष देतो.

दुचाकीस्वाराच्या हेल्मेटला मात्र ही चिकित्सा लागू होत नाही. दुचाकीस्वाराला आदळायचे नसते. अपघात झालाच तर कवटी व प्राण वाचवणे हे त्याच्या हेल्मेटचे काम आहे आणि ते ते करते. फुटबॉलपटू एका हंगामात शेकडो वेळा हेतुतः आदळतो.

समारोप

सुधारित हेल्मेट कन्कशनचे प्रमाण काही अंशी कमी करू शकते, परंतु ते रोखू शकत नाही, असा निष्कर्ष उपलब्ध पुराव्यांतून निघतो. हेल्मेटविषयीच्या दाव्यांचा खरा दोष अतिशयोक्तीपेक्षा जबाबदारीच्या स्थलांतरात आहे. उत्तर वस्तूत आहे असे ठरले की प्रश्न खेळाच्या रचनेकडून खरेदीदाराकडे सरकतो. मग मुलाला इजा झाली, तर पालकांनी किंवा शाळेने पुरेशा ताऱ्यांचे हेल्मेट घेतले नाही, असे म्हणण्यास वाव राहतो. व्यावसायिक खेळाडू प्रौढ असतो, मोबदला घेतो आणि जोखीम जाणून मैदानात उतरतो. अमेरिकेतील शाळांमधून हा खेळ खेळणाऱ्या सुमारे दहा लाख मुलांविषयी तसे म्हणता येत नाही. त्यांच्या बाबतीत, डोक्यावर काय घालावे याआधी डोक्याला किती वेळा आणि का धक्का बसू द्यावा, हा प्रश्न विचारला जाणे आवश्यक आहे. १९०६, १९७६ आणि २०१६ या तिन्ही वेळी या खेळाने तो स्वतःला विचारला होता, आणि प्रत्येक वेळी उत्तर नियमपुस्तिकेत सापडले होते.