काषाय, मंजिष्ठा आणि विहाराची भिंत

विहाराच्या भिंतीला फिकट नारिंगी रंग द्यावा की नाही, हा प्रश्न धाराशिव जिल्ह्यातील उपासक-उपासिकांच्या बैठकांतून अलीकडे वरचेवर निघतो. एका पक्षाचे म्हणणे असे की, तो चीवराचा रंग होय, म्हणून तो विहारास शोभतो. दुसरा पक्ष म्हणतो, तो भगव्याच्या जवळचा आहे. आपल्याला निळा व पांढरा पुरेत. आमच्या मते दोन्ही पक्ष रंगाच्या नावावरच अडून बसले आहेत. रंग कसा वापरला, हा खरा प्रश्न बाजूलाच राहतो.

प्रथम चीवराचा विचार करू. विनयपिटकाच्या महावग्गात चीवराविषयीचा खंधक आहे. भिक्खू आरंभी शेण व पिवळसर माती यांनी चीवर रंगवीत, आणि ते विद्रूप दिसे. तेव्हा तथागतांनी मूळ, खोड, साल, पान, फूल आणि फळ अशा सहा प्रकारच्या रंगांना अनुज्ञा दिली. पुढे त्याच खंधकात संपूर्ण निळे, संपूर्ण पिवळे, संपूर्ण तांबडे तसेच संपूर्ण मंजिष्ठा रंगाचे चीवर निषिद्ध ठरविले आहे. म्हणजे काषाय हा एक ठराविक रंग नव्हे. झाडपाल्यातून उतरलेल्या, भडकपणा टाळणाऱ्या छटांचा तो समूह आहे. याउलट 1885 साली श्रीलंकेत प्रथम फडकलेल्या धम्मध्वजावरील नारिंगी पट्ट्याचे नाव मंजिष्ठाच आहे. तेव्हा ध्वजाचा नारिंगी आणि चीवराचा काषाय यांना एकच समजणे योग्य नाही.

दुसऱ्या पक्षाला उत्तर आपल्याच जिल्ह्यात मिळते. तेर म्हणजे प्राचीन तगर. तेथील त्रिविक्रम मंदिर भाजलेल्या विटांचे असून त्याची मागील बाजू गजपृष्ठाकार आहे. हेन्री कझन्स यांनी ते मूळचे बौद्ध चैत्यगृह मानले. आज आत विष्णूची मूर्ती आहे. धाराशिव लेण्यांत पार्श्वनाथ विराजमान आहेत, आणि त्या लेण्यांचा आरंभ बौद्ध की जैन याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. वास्तूंवरील पंथांचे हक्क जेथे असे बदलत गेले, तेथे विटेच्या अन् गेरूच्या रंगावर कोणा एकाचा मालकीहक्क कसा सांगता येईल? भगव्याच्या भीतीने हा रंग सोडणे म्हणजे आपला वारसा आपण होऊन दुसऱ्याच्या हवाली करणे होय.

मात्र पहिल्या पक्षाचे समर्थक तो ज्या रीतीने वापरतात, तीही आम्हांस मान्य नाही. चकचकीत तैलरंगात चारही भिंती, खांब आणि प्रवेशद्वार एकाच नारिंगीने माखले की डोळ्यास विसावा उरत नाही. सोनेरी मुलाम्याची बुद्धमूर्ती त्या पार्श्वभूमीत विरून जाते. संगमरवरी मूर्तीवर भिंतीची छाया पडून तिचा शुभ्रपणा मळकट होतो. देसनेसाठी आसनावर बसलेले भिक्खूही भिंतीतून वेगळे दिसत नाहीत. ज्या रंगाने चीवराचे स्मरण व्हावे, तोच चीवराला झाकून टाकतो.

म्हणून आमची सूचना अशी : मूर्तीमागील भिंत पांढरी ठेवावी. फिकट नारिंगी बाजूच्या भिंतींना, तोही चकाकी नसलेला, चुन्यात थोडा गेरू व पिवळी माती मिसळल्यासारखा द्यावा. निळ्यासाठी दारे-खिडक्या आहेत. आधी हातभर जागेवर रंग लावून तो सकाळच्या उन्हात आणि रात्री दिव्याखाली पाहावा, मगच निर्णय घ्यावा. वंदनेला शुभ्र वस्त्रांत बसलेले उपासक, आसनावरचे चीवर आणि समोरची मूर्ती ही तिन्ही ज्या भिंतीपुढे स्पष्ट दिसतात, ती भिंत विहाराची. मग तिच्या रंगाला कोण काय नाव देतो, याची चिंता करण्याचे कारण उरणार नाही.