बोळ की गंधरस? : मराठी बायबलमधील सुगंधद्रव्यांची भाषा

मराठी बायबलच्या भाषांतराची चर्चा प्रामुख्याने 'तारण', 'कृपा', 'पवित्र आत्मा' अशा धर्मशास्त्रीय संज्ञांभोवती फिरत राहिली. वस्तूंची नावे ही कोशकाराची बाब, समीक्षकाची नव्हे, असे त्या चर्चेत गृहीत धरलेले दिसते. प्राचीन इस्राएलच्या जगात मात्र सुवासिक डिंक, राळ आणि मसाले ही निव्वळ पार्श्वभूमीची सामग्री नव्हती. 'निर्गम'च्या ३०व्या अध्यायात अभिषेकाच्या तेलाची द्रव्ये वजनासकट दिली आहेत. त्यांत 'मोर्' नावाचा डिंक ५०० शेकेल, तर दालचिनी त्याच्या निम्मी. हे तेल सामान्य माणसाच्या अंगाला लावण्यास तेथेच मनाई आहे. पवित्र आणि लौकिक यांतील सीमा जेथे वास आखतो, तेथे त्या वासाला मराठीत कोणते नाव द्यावे हा अर्थनिर्णयाचाच प्रश्न होतो.

यांतील काही द्रव्यांपुरती भाषांतरकाराची वाट सोपी होती, कारण ती मुळात इकडूनच तिकडे गेली. हिब्रू 'नेर्द' हा शब्द संस्कृत 'नलद'शी जोडला जातो. त्याला मराठीत 'जटामांसी' म्हणणे ही घरवापसीच होय. 'अहालोत'चे मूळही 'अगरु'पर्यंत नेले जाते. इंग्रजीतील 'अ‍ॅलो' या रूपामुळे वाचक कोरफडीकडे भरकटतो. मराठीने 'अगरू' हा शब्द योजून तो घोटाळा टाळला. या एका ठिकाणी तरी मराठी भाषांतर इंग्रजीहून सरस आहे.

धूपद्रव्याचे प्रकरण अधिक गुंतागुंतीचे आहे. हिब्रू 'लबोना' म्हणजे पांढरे. अरबी 'लुबान' आणि आपला 'लोबान' त्याच कुळातले. मराठी बायबलने मात्र येशूजन्माच्या प्रसंगी 'ऊद' स्वीकारला. अरबीत 'ऊद' म्हणजे लाकूड, विशेषतः अगरूचे. मराठीत तो निखाऱ्यावर टाकायच्या राळेचा वाचक झाला. वनस्पतिशास्त्राच्या कसोटीवर हा शब्द दुहेरी चुकीचा ठरेल. अरबस्तानातील धूपवृक्षाचा सख्खा भाऊ, त्याच प्रजातीतला, विदर्भाच्या कोरड्या पानझडी जंगलांत 'सालई' या नावाने उभा आहे. गोंदियाच्या वाचकाला तर हे विशेष जाणवावे. त्या गावाचे नावच 'गोंद' म्हणजे डिंक या शब्दावरून पडले, अशी एक व्युत्पत्ती सांगितली जाते. तरीही 'सालई' हा शब्द तेथे चालला नसता. सालईला जंगल आहे, विधी नाही. उदाला दर्गा आहे, देव्हारा आहे आणि न्हाऊ घातलेल्या तान्ह्या बाळाची धुरी आहे. वृक्ष चुकला तरी धूर बरोबर निघाला, आणि धूपाच्या बाबतीत धूरच महत्त्वाचा.

हाच न्याय भाषांतरकारांनी 'मोर्'ला लावला नाही, आणि खरी हानी तेथे झाली. हिब्रूत हा शब्द 'कडू' या अर्थाच्या धातूशी निगडित आहे. 'रूथ'मधील नामी दुःखाने स्वतःला 'मारा' म्हणवते, ती याच धातूतून. ग्रीक शुभवर्तमानांत याच द्रव्याचे 'स्मिर्ना' हे नाव येते. मत्तयात ते बालकाला भेट म्हणून येते, मार्कात क्रुसाजवळ द्राक्षारसात मिसळून पुढे केले जाते, आणि योहानात निकदेम दफनासाठी ते अगरूसह सुमारे १०० 'लित्रा' आणतो. जन्म, वेदना आणि मरण एका कडू वासाने बांधलेले आहेत. प्रचलित मराठी भाषांतरांत मात्र जन्माच्या आणि दफनाच्या वेळी 'गंधरस' येतो, क्रुसाजवळ 'बोळ' येतो. दोन्ही शब्द एकाच द्रव्याचे आहेत हे सामान्य वाचकाला कळण्याचा मार्ग नाही. मूळ संहितेतील धागा मराठीत येताना तुटला तो असा.

या विभागणीमागील संकेत उघड आहे. राजस भेटीला संस्कृत शब्द शोभतो, वधस्तंभाजवळच्या पेल्याला औषधी नाव चालते. 'गंध' आणि 'रस' ही दोन्ही पदे आल्हादक आहेत. त्यांच्या संयोगात कडवटपणाला जागाच उरत नाही. अलंकार म्हणून शब्द देखणा आहे, पण त्याची चव गेली आहे.

याउलट 'हिराबोळ' मराठी घरात कोठे आढळतो? बाळंतिणीच्या खोलीत. प्रसूतीनंतर स्त्रीला द्यावयाचे ते कडू औषध. म्हणजे ज्या प्रसंगातून भाषांतरकारांनी 'बोळ' वगळला, तो प्रसंगच मराठी संस्कृतीत बोळाचा आहे. मत्तयाच्या दृश्यात उदाशेजारी बोळ ठेवला असता, तर पूर्वेकडच्या ज्ञानी लोकांची भेट ओल्या बाळंतिणीच्या खोलीत सहज शिरली असती, आणि पुढे क्रुसाजवळ तोच शब्द पुन्हा भेटताच वाचक दचकला असता.

'बोळ' संदिग्ध आहे, 'काळा बोळ' म्हणजे कोरफडीचा वाळलेला रस, हा आक्षेप खरा आहे. पण 'हिराबोळ' म्हटल्याने तो मिटतो. शब्द घरगुती असल्याचा आक्षेप मात्र तपासून घ्यावा लागेल. पंडिता रमाबाईंनी हिब्रू व ग्रीक मुळांवरून केलेले भाषांतर त्यांच्या निधनानंतर दोन वर्षांनी, १९२४ मध्ये, पूर्ण स्वरूपात प्रसिद्ध झाले. अल्पशिक्षित स्त्रियांना कळेल अशी मराठी हा त्यांचा आग्रह होता. त्या आग्रहाचा निकष लावला तर 'गंधरस' हा शब्द पंडितांचा आणि 'बोळ' हा सुइणीचा ठरतो. आणि गोठ्यातल्या जन्माच्या कथेत सुइणीच्या शब्दाला परके मानण्याचे कारण काय, याचे उत्तर 'गंधरस'च्या समर्थकांनी द्यायचे आहे.